पडद्याची वाट पाहणारी ‘रणांगण’

विश्राम बेडेकरांची ही कादंबरी १९३९ मध्ये प्रसिद्ध झाली. दुसरं महायुद्ध पेटलं तेही त्याच वर्षी. युरोपहून मुंबईकडे निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, आणि त्यांच्यातल्या हॅर्टाचं चक्रधर या मराठी तरुणावर जडलेलं प्रेम. डेक, केबिन, चहूकडे समुद्र: जागा मोजक्या, मुक्कामाचे दिवसही मोजकेच. मुंबई जवळ येते तसा वियोगही जवळ येतो. पटकथेला आणखी काय हवं?

बेडेकर स्वतः सिनेमातले. व्ही. शांतारामांच्या ‘शेजारी’ या चित्रपटाची (१९४१) कथा त्यांचीच. ‘रणांगण’ पडद्यावर आणायचं तर मोठा खर्च बोटीचा आणि त्या काळाच्या उभारणीचा. पण हॅर्टाचा चेहरा मोठ्या पडद्यावर पाहायची माझी फार जुनी इच्छा आहे.