हॉटेलचे पॉइंट : मोल आणि विनियोग

मुंबई-पुण्याकडील पुष्कळशा सुशिक्षित कुटुंबांत हल्लीं एक तरी माणूस असा असतो कीं, ज्याच्या वर्षांतील चाळीस-पन्नास रात्री परगांवच्या हॉटेलांत जातात. कोणी कारखान्यांचे हिशेब तपासावयास जातो, कोणी यंत्रें बसवावयास, कोणी औषधें खपवावयास. भाडें कचेरी भरते. दगदग त्याची असते, आणि वाट पाहणें घरच्यांच्या वांट्यास येतें. या रात्रींच्या मोबदल्यांत हॉटेलकंपनी त्याच्या नांवावर जे पॉइंट जमा करीत असते, ते वस्तुतः सगळ्या कुटुंबानें सोसलेल्या गैरसोयीची भरपाई होय. असें असूनही त्यांचें खरें मोल किती आणि ते केव्हां खर्चावे याचा विचार, ज्या घरांत विजेचें बिल दोनदां तपासलें जातें त्या घरांतही क्वचितच होतो.

गिऱ्हाइकास बांधून ठेवण्याची ही युक्ति नवी नव्हे. १८९६ सालीं अमेरिकेंत स्पेरी अँड हचिन्सन या कंपनीनें दुकानदारांना हिरव्या रंगाचीं तिकिटें विकण्यास आरंभ केला. दुकानदार तीं खरेदीच्या मानानें गिऱ्हाइकांस वांटीत; गृहिणी तीं वहींत चिकटवीत, आणि वह्या भरल्या म्हणजे त्यांच्या बदल्यांत घरांतल्या वापराच्या वस्तु घेऊन येत. १९८१ च्या मे महिन्यांत अमेरिकन एअरलाइन्सनें हीच कल्पना विमानप्रवासाच्या मैलांना लाविली. १९८३ सालीं हॉलिडे इन व मॅरियट यांनीं ती हॉटेलांत आणली, आणि १९८७ मध्यें हिल्टन व हयात त्याच वाटेनें गेलीं. तिकिटांच्या वहीच्या जागीं खात्यांतील आंकडा आला, एवढाच काय तो फरक. या योजनांस ‘लॉयल्टी’ असें भारदस्त नांव आहे. ही निष्ठा मात्र एकाच पक्षाकडून अपेक्षिलेली असते, हें पुढें दिसून येईल.

प्रथम या पॉइंटांमागें पैसा कोणाचा असतो तें पाहिलें पाहिजे. दारावर ज्या कंपनीचें नांव असतें तीच त्या इमारतीची मालक असते असें नाहीं. बहुतेक ठिकाणीं मालक निराळा असतो. सभासद पाहुण्याचें जें बिल होतें त्याचा कांहीं भाग हा मालक कंपनीच्या मध्यवर्ती निधींत भरतो. पुढें एखादा पाहुणा पॉइंटांवर रहावयास आला म्हणजे या निधींतून त्या हॉटेलास पैसे मिळतात. खोल्या रिकाम्या असतील तर ही रक्कम बेताची असते. हॉटेल जवळजवळ भरलेलें असेल तर ती चालू भाड्याच्या आसपास जाते. गर्दीच्या दिवसांत कांहीं हॉटेलें पॉइंटांवर द्यावयाच्या साध्या खोल्या इतक्या थोड्या कां दाखवितात, याचा उलगडा येथें होतो. याखेरीज कंपनी बँकांना घाऊक पॉइंट विकते व बँका ते आपल्या कार्डधारकांना देतात. न खर्चिलेले पॉइंट हें कंपनीच्या वहींत देणें म्हणून दिसतें. २०२३ अखेरच्या मॅरियटच्या ताळेबंदांत हें देणें सहा अब्ज डॉलरांहून अधिक होतें.

एवढें देणें ज्याच्या डोक्यावर आहे त्यास तें हलकें करण्याचे दोन सोपे मार्ग असतात. कांहीं पॉइंट मुदत संपून बुडावे, आणि उरलेल्यांत पूर्वीपेक्षां कमी रात्री मिळाव्या. दोन्ही गोष्टी रीतसर घडतात, कारण नियम बदलण्याचा अधिकार सभासद होतांनाच कंपनीनें आपल्याकडे राखून ठेविलेला असतो. पूर्वी कोणत्या हॉटेलास किती पॉइंट याचें छापील कोष्टक असे. हिल्टननें तें २०१७ त काढून टाकलें. मॅरियटनें २०२२ च्या मार्चमध्यें तोच क्रम धरला. तेव्हांपासून पॉइंटांतील दर दिवसागणिक हालतो, आणि अमुक इतके साठले म्हणजे अमुक ठिकाणीं राहतां येईल असा भरंवसा उरला नाहीं.

आतां मोलाचा प्रश्न. पेशवाईंत निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये चालत. अंकुशी रुपया निराळा, चांदवडी निराळा, आणि एकाचा दुसरा करावयाचा तर सराफ बट्टा कापून घेई. पॉइंटांची तीच गत आहे. मॅरियट व हिल्टन यांच्या बहुतेक हॉटेलांत खर्चाच्या एका डॉलरास मूळ दहा पॉइंट मिळतात, तर हयात पांचच देते. पण हयातचे पांच बहुधा त्या दहांपेक्षां हलके ठरत नाहींत. टाटांच्या योजनेंत एक न्यूकॉइन म्हणजे एक रुपया असा सरळ हिशेब आहे. म्हणून ‘माझ्याजवळ दोन लाख आहेत’ या वाक्यास टांकसाळीचें नांव सांगितल्यावांचून अर्थ येत नाहीं.

मोल काढण्याची रीत अगदीं सोपी आहे. समजा, एका खोलीचें भाडें रात्रीस १२,००० रुपये आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या भाड्यावर ५ टक्के व त्यावरील भाड्यावर १८ टक्के वस्तु व सेवा कर बसतो. तेव्हां प्रत्यक्ष खर्च १४,१६० रुपये झाला. पॉइंटांवर घेतलेल्या खोलीस भाड्यावरील कर बहुधा पडत नाहीं; तरी आरक्षणाच्या कागदावर तें पाहून घ्यावें. हीच खोली २०,००० पॉइंटांत मिळत असेल, तर एका पॉइंटाचे सुमारें ७१ पैसे झाले. परंतु रोख भाडें दिलें असतें तर, समजा, १,३०० नवे पॉइंट मिळाले असते, तेही गमावलेच. म्हणून भागाकार २१,३०० नें करावा. उत्तर ६६ पैसे येतें. आणखी एक सावधगिरी हवी. पॉइंटांचें आरक्षण बहुधा ठराविक दिवसापर्यंत रद्द करतां येतें. तेव्हां त्याची तुलना रद्द करतां येणाऱ्या भाड्याशींच करावी, पैसे परत न मिळणाऱ्या स्वस्त भाड्याशीं नव्हे. मात्र जावयाचें अगदीं निश्चित असेल, तर तें स्वस्त भाडें हेंच खरें माप.

हा भागाकार एकदां हातीं आला म्हणजे दुसरेही प्रश्न सुटतात. दुसऱ्या एखाद्या प्रवासी दुकानाकडून तीच खोली दीड हजारानें स्वस्त मिळत असेल, पण तेथें पॉइंट मिळत नसतील, तर काय करावें? १,३०० पॉइंटांचे ६६ पैशांप्रमाणें ८५८ रुपये होतात. स्वस्त खोली घ्यावी, हें उघड आहे. अर्थात् स्वतःच्या खिशांतून भाडें द्यावयाचें असेल तेव्हां. तसेंच वर्षाअखेर वरच्या दर्जाचें सभासदत्व मिळावें म्हणून कारण नसतां दोन-तीन रात्री हॉटेलांत काढणारे लोक असतात. त्यांनीं त्या दर्जाबरोबर मिळणारी न्याहारी आपण एरव्हीं विकत घेतली असती काय, एवढें स्वतःस विचारावें.

खरा घोटाळा मात्र याच भागाकारांत दडलेला आहे. समजा, गोव्यास नाताळच्या आठवड्यांत समुद्रकांठच्या एका हॉटेलाचें भाडें ४०,००० रुपये झालें आहे, करासह ४७,२००. पॉइंट ६०,००० लागतात. भागाकार ७९ पैसे सांगतो, आणि गृहस्थ खूष होतो. परंतु पॉइंट नसते तर हें कुटुंब ४७,२०० रुपये देऊन तेथें उतरलें असतें काय? बहुधा नाहीं. ८,००० रुपयांची एखादी चांगली खोली घेऊन, करासह ९,४४० रुपयांत त्यांनीं रात्र आनंदानें काढली असती. या मापानें एका पॉइंटाचे जेमतेम सोळा पैसे आले. खरें मोल या दोन आंकड्यांच्या मध्यें कोठें तरी आहे, कारण समुद्राकडे उघडणाऱ्या खिडकीलाही कांहीं किंमत असतेच. पण ती किंमत घरच्यांनीं ठरवावयाची आहे, भाडेपत्रकानें नव्हे. उलट मुलीच्या परीक्षेसाठीं किंवा इस्पितळांतील नातलगाजवळ राहण्यासाठीं परगांवीं चार रात्री काढाव्या लागल्या, आणि रोख पैसे कोणत्याही परिस्थितींत द्यावेच लागले असते, तर तेथें पॉइंटाचे ५० पैसे आले तरी ते पुरे पन्नास होत. मौजेच्या ७९ पैशांपेक्षां हे पन्नास पुष्कळदां जड भरतात. हा हिशेब उत्साही जाणकारही विसरतात.

आतां साठविण्याविषयीं. मध्यमवर्गीय घराला ‘असूं द्यावें, अडीअडचणीस उपयोगी पडेल’ अशी संवय असते. ठेवपावती आणि सोनें यांच्या बाबतींत ती संवय कित्येक पिढ्यांच्या अनुभवानें योग्य ठरली. पॉइंटांस मात्र व्याज नाहीं, आणि त्यांच्या दरांत जो बदल होतो तो बहुधा सभासदाच्या विरुद्धच असतो. शिवाय मुदत आहे. मॅरियट, हिल्टन व हयात यांच्या खात्यांत २४ महिने कांहींच हालचाल झाली नाहीं तर पॉइंट जातात. हॉलिडे इन ज्या आय. एच. जी. संस्थेचें आहे तेथें साध्या सभासदास १२ महिनेच मिळतात. एखादी लहानशी मिळकत किंवा खर्च झाला कीं मुदत पुन्हां पहिल्यापासून मोजली जाते, म्हणून बुडणें टाळणें कठीण नाहीं. दर वाढणें मात्र टाळतां येत नाहीं. निवृत्त झाल्यावर आईवडिलांना घेऊन थाटानें हिंडावें म्हणून जो मुलगा पंधरा वर्षें पॉइंट राखून ठेवतो, त्याच्या हातीं शेवटीं निम्म्या रात्री येतात. आणि तोंवर आईच्याने जिनाही चढवत नाहीं. दोन वर्षांत जेवढे खर्च होतील तेवढेच शिलकेंत असावे, असा अदमास ठेवणें बरें.

खर्च करतांना एका सवलतीकडे मुद्दाम लक्ष द्यावें. मॅरियटमध्यें लागोपाठ पांच रात्री पॉइंटांवर घेतल्यास त्यांतील सर्वांत स्वस्त रात्रीचे पॉइंट लागत नाहींत; हिल्टनमध्यें अशी सवलत वरच्या दर्जाच्या सभासदांस आहे. वरील उदाहरणांतील खोली पांच रात्री घेतली तर १,००,००० ऐवजीं ८०,००० पॉइंट लागतील, भाडें ७०,८०० रुपये वांचेल, आणि पॉइंटाचें मोल ७१ वरून साडेअठ्ठ्याऐंशी पैशांवर जाईल. चार रात्रींसाठीं गेलेलें कुटुंब अशा वेळीं पांचवी रात्र फुकट राहूं शकतें. दुसरें असें कीं, आरक्षण रद्द केल्यास पॉइंट परत येतात. म्हणून सुट्टीच्या कितीतरी आधीं खोली धरून ठेवावी, व पुढें दर उतरला तर जुनें आरक्षण सोडून नवें घ्यावें. लग्नसराईंत किंवा क्रिकेटच्या सामन्याच्या वेळीं रोख भाडें एकदम चढतें. पॉइंटांचा दरही हल्लीं चढतो, पण त्याच पायरीनें चढतोच असें नाहीं. त्या फटींत लाभ असतो, आणि तो शोधण्यासाठीं तारखा पुढेंमागें करून पाहण्यावांचून दुसरी विद्या नाहीं.

पॉइंट विकत घेणें अगर ते दुसऱ्या रूपांत पालटणें याविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. मॅरियटचा साधा विक्रीदर हजार पॉइंटांस साडेबारा डॉलर, म्हणजे पॉइंटास सव्वा सेंट असा आहे. वर काढलेल्या मोलाहून तो बराच महाग पडतो. ठरलेल्या आरक्षणास दोन-तीन हजार कमी पडत असतील तरच ते घ्यावे. मॅरियटचे पॉइंट बहुतेक विमानकंपन्यांकडे नेतांना तिनांस एक मैल मिळतो. हा बट्टा जबर आहे. पॉइंट देऊन पंखे, घड्याळें, बॅगा घेणें हा तर सर्वांत तोट्याचा व्यवहार, आणि कंपनीच्या पत्रकांत त्याच वस्तूंचीं चित्रें सर्वांत मोठीं असतात.

कचेरीनें भाडें भरलेल्या रात्रींचे पॉइंट प्रवाशाच्या खात्यांत जाण्याचा प्रघात असला, तरी कांहीं संस्थांना तो मान्य नसतो. नोकरीचे नियम आधीं पाहून घ्यावे.

राहतां राहिली ती खात्याच्या वारसाची गोष्ट. पुष्कळ कंपन्यांच्या नियमांत पॉइंट ही सभासदाची मालमत्ता नव्हे असें स्पष्ट लिहिलेलें असतें. म्हणून ते केवळ मृत्युपत्रांत नोंदल्यानें वारसाकडे जातीलच असें नाहीं. कांहीं कंपन्या मृत्यूचा दाखला जोडून ठराविक मुदतींत अर्ज आल्यास ते पतिपत्नीच्या किंवा वारसाच्या नांवें करून देतात. परंतु असें एखादें खातें होतें हेंच घरच्यांना ठाऊक नसेल तर अर्ज करणार कोण? हयातींतच वांटून ठेवण्याचीही सोय आहे. हिल्टनमध्यें कुटुंबीयांना आपापले पॉइंट विनामूल्य एकत्र करतां येतात. मॅरियटमध्यें एका खात्यांतून वर्षास एक लाखापर्यंत दुसऱ्याच्या खात्यांत पाठवितां येतात. विम्याचे कागद ज्या पेटींत असतात तिच्यांत कंपनीचें नांव व सभासदाचा क्रमांक लिहिलेली एक चिठ्ठी असली, म्हणजे त्या परगांवच्या रात्रींचा मोबदला निदान शोधतां तरी येईल.