हीटर कसा बिघडतो, ते आधी विचारा

खाऱ्या पाण्याचा मोठा टँक लावणारा माणूस दिव्यांचा महिनोन्महिने अभ्यास करतो. पाण्यातली घाण फेसाने काढणाऱ्या स्किमरसाठी चार दुकानं पालथी घालतो. कुठल्या मिठात कॅल्शियम किती, यावर तावातावाने भांडतो. हीटर मात्र शेवटच्या दिवशी, दुकानदार हातात ठेवील तो, पिशवीत टाकून घरी आणतो. सगळ्या सामानात स्वस्त वस्तू हीच, आणि एका रात्रीत अख्खा टँक संपवायची ताकदही हिच्यातच. दिवा गेला तर चार दिवस निभावतं. हीटर चालूच राहिला, तर सकाळी उठल्यावर करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं.

काचेचा हीटर आतून कसा असतो, ते बघायचं तर बंद पडलेला एखादा उघडावा. वरचं जाड रबरी बूच काढलं की आतला सांगाडा सरळ बाहेर येतो. चिनी मातीच्या दांड्यावर नायक्रोमची बारीक तार गुंडाळलेली असते. वरच्या अंगाला इवलासा निऑन दिवा आणि त्याच्याजवळ धातूची एक वाकडी पट्टी. ही पट्टी म्हणजे हीटरचं सगळं डोकं. दोन वेगळ्या धातूंचे पत्रे एकमेकांना चिकटवलेले; गरम झाल्यावर एक जास्त प्रसरण पावतो, दुसरा कमी, म्हणून पट्टी वाकते आणि टोकाचा तिळाएवढा कॉन्टॅक्ट सुटतो. गार झालं की परत टेकतो. वरच्या चकतीने आपण तापमान ठरवतो म्हणजे प्रत्यक्षात एक स्क्रू फिरवून ही पट्टी कमीजास्त दाबतो. बिघडलेल्या हीटरमध्ये तो तीळ बहुतेक वेळा काळा पडलेला आणि खड्डे पडलेला असतो. तो दुसऱ्या टोकाला चिकटून बसला असेल, तर हीटर का मेला हे विचारायची गरज नाही. मासे का मेले, एवढंच कळतं.

या साध्या यंत्राची वंशावळ मोठी आहे. दोन धातूंची पट्टी अठराव्या शतकात इंग्लंडच्या जॉन हॅरिसनने जहाजावरच्या घड्याळासाठी बनवली. अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने 1830 मध्ये त्याच तत्त्वावरच्या थर्मोस्टॅटचं पेटंट घेतलं. निकेल-क्रोमियमची तापणारी तार अमेरिकेच्या अल्बर्ट मार्शची, 1906 सालची. त्याआधी व्हिक्टोरियन इंग्लंडातले हौशी लोक टाकीचा तळ पाटीच्या दगडाचा करून खाली दिवा पेटवत. पुढे काचेची नळी, तार आणि पट्टी एकत्र आली. तेव्हापासून हीटरची रचना फारशी बदललेली नाही, आणि त्याचा रोगही तोच राहिला आहे.

रोग असा. टँकचं तापमान ठरवलेल्या अंशाच्या आसपास घुटमळतं, तेव्हा कॉन्टॅक्ट सारखा टेकतो आणि सुटतो. प्रत्येक वेळी बारीक ठिणगी पडते. त्याने पृष्ठभाग जळत जातो आणि एक दिवस दोन्ही टोकं वितळून जोडली जातात. चांगल्या हीटरमध्ये पट्टीजवळ छोटं चुंबक असतं. त्यामुळे कॉन्टॅक्ट रेंगाळत नाही, चटकन टेकतो आणि चटकन सुटतो. म्हणून तो जास्त टिकतो. पण कायमचा कुठलाच टिकत नाही. तेव्हा हीटर बिघडेल का, हा प्रश्न सोडून द्यावा. तो बंद होऊन बिघडेल की चालू राहून, हा खरा प्रश्न. बंद पडला तर पाणी हळूहळू गार होतं आणि ते लक्षात यायला वेळ मिळतो. चालू राहिला तर पाणी तापतं, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. समुद्राच्या पाण्यात 25 अंशांना लिटरमागे सुमारे 6.7 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना 6.2. म्हणजे माशाची भूक आणि धाप वाढते तेव्हाच हवा आटते. प्रवाळांचं तर त्याहून नाजूक. त्यांच्या अंगात राहून त्यांना अन्न पुरवणारं सूक्ष्म शैवाल उष्णतेने बाहेर टाकलं जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं.

    

हीटर लागतो कुणाला? मुंबईत बहुतेकांना लागतच नाही.  तिथे प्रश्न असेल तर उन्हाळ्याचा, थंडीचा नव्हे. प्रवाळांचा टँक ठेवणाऱ्या मुंबईकर रीफवाल्याचा पैसा पाणी गार करणाऱ्या चिलरमध्ये जातो. अपवाद एकच, रात्रभर एसी चालणाऱ्या बेडरूममधला टँक. पुणे-नाशिकची गोष्ट वेगळी. जानेवारीत पुण्यात पहाटेचा पारा दहाच्या खाली उतरतो, बंद खोलीतही 18-19 अंश होतात, आणि टँक तर 25-26 ला ठेवायचा असतो. त्यात दुपारी तीच खोली 25 वर जाते. हा चढउतार सांभाळणं हेच आपल्याकडच्या हीटरचं खरं काम आहे. न्यू जर्सी किंवा टोरांटोच्या घरात बाहेर बर्फ असला तरी आत खोली दिवसरात्र सारखी उबदार असते. तिथले आपले मराठी मित्र वॉटचे जे आकडे सांगतात, ते म्हणूनच जसेच्या तसे उचलू नयेत.

मग वॉट किती घ्यायचे? डब्यावर लिटर आणि वॉटचा तक्ता छापलेला असतो. तो लिहिणाऱ्याने तुमची खोली पाहिलेली नाही. स्वतः मोजणं अवघड नाही. एक लिटर समुद्रपाणी एका अंशाने तापवायला सुमारे 1.13 वॉट-तास ऊर्जा लागते. म्हणजे 500 लिटरच्या टँकला अंशामागे साधारण 565 वॉट-तास. आता थंडीतल्या एखाद्या रात्री, पंप आणि बाकी सगळं नेहमीसारखं चालू ठेवून, फक्त हीटर बंद करा आणि घड्याळ लावून बसा. तीन तासांत एक अंश उतरला, तर टँक तासाला सुमारे 188 वॉट-तास गमावतोय. 190 वॉटचा हीटर लावला की पारा जागेवर राहील. थोडी मोकळीक ठेवून 300 वॉट पुरेत. झाकण घातलेल्या टँकला याहून कमी लागेल आणि उघड्या टँकला जास्त, कारण उष्णता पळते ती मुख्यतः बाष्पीभवनातून.

हे 300 वॉट एकाच नळीत घेऊ नका. माझ्या मते सगळ्या निवडीचा कस इथेच लागतो. समजा, ‘असू दे जास्तीचा’ म्हणून कुणी 500 वॉटचा एकच हीटर घेतला आणि तो रात्री चिकटला. 190 वॉट बाहेर जातात, उरलेल्या 310 ने पाणी तासाला अर्ध्या अंशाहून जास्त वेगाने तापतं. सकाळपर्यंत 30 च्या आसपास, आणि दुपारी खोली गरम झाल्यावर तर विचारायलाच नको. त्याऐवजी 150 चे दोन घेतले आणि त्यातला एक चिकटला, तर थंड रात्री काहीच होत नाही, कारण एकट्याचे 150 वॉट रात्रीच्या गळतीलाही पुरत नाहीत. दुसरा आपोआप कमी चालतो. दुपारी पारा चढेल, पण तासाला जेमतेम पाव अंशाने. संध्याकाळी कामावरून येऊन थर्मामीटर पाहणाऱ्याला सापडेल इतका सावकाश. आणि दोघांतला एक बंद पडला तर? खोली 19 वर असताना उरलेला एकटा टँकला 24.5 पर्यंत धरून ठेवतो. दोन्हीकडून वाचतो. एक मोठा हीटर थोडा स्वस्त पडतो खरा, पण ती बचत भलत्या ठिकाणी केलेली.

दुसरी गोष्ट कंट्रोलरची. हीटरच्या आतल्या पट्टीवर सगळा भार टाकण्याऐवजी बाहेर वेगळा कंट्रोलर बसवायचा आणि त्याचा सेन्सर पाण्यात सोडायचा. आपल्याकडे एसटीसी-1000 नावाचं छोटं पॅनेल खूप चालतं. त्यात दोन रिले असतात. एकावर हीटर, दुसऱ्यावर उन्हाळ्यासाठी पंखा किंवा चिलर. ज्यांना वायरिंगमध्ये हात घालायचा नाही, त्यांच्यासाठी सॉकेटसकट येणारे इंकबर्डसारखे तयार कंट्रोलर आहेत. कंट्रोलर 26 वर ठेवा आणि हीटरची चकती 27.5 वर. मग आतली पट्टी एरवी काहीच काम करत नाही, झिजत नाही. रिले चिकटला, तरच ती मध्ये पडते. एकाच चुकीवर टँक जात नाही, त्याला दोन चुका एकदम व्हाव्या लागतात.

कंट्रोलरचीही एक खोड आहे. सेन्सर पाण्याबाहेर निसटला, तर तो खोलीची हवा मोजतो, ‘गार आहे, गार आहे’ म्हणत हीटर चालूच ठेवतो. म्हणून सेन्सर क्लिपने नीट बांधावा. सक्शन कपवर विसंबू नये, खाऱ्या पाण्यात ते वर्षभरात कडक होतात. आणि सेन्सर ठेवायचा संपमध्येच, म्हणजे टँकखालच्या टाकीतच, हीटरच्या सोबतीला. लोडशेडिंगनंतर वीज येते, पण कधी कधी संपमधून पाणी वर ढकलणारा रिटर्न पंप हवा धरतो आणि उचलत नाही. सेन्सर वरच्या टँकमध्ये असेल तर वर पाणी गारच, आणि खाली संपमधलं साठ-सत्तर लिटर पाणी तापत राहतं.

संपमध्येही हीटर जागा बघून ठेवावा. रिटर्न पंपाच्या कप्प्यात पाणी रोज बाष्पीभवनाने उतरतं. हीटरची नळी उघडी पडली की काच तडकते. स्किमरच्या कप्प्यात पातळी हलत नाही. हीटर तिथे, आणि आडवा. पाणी बदलताना आधी स्विच बंद, वीस मिनिटं थांबायचं, मगच हात. एहाइमच्या येगरसारख्या जुन्या, नावाजलेल्या हीटरमध्ये कोरडा पडला तर आपोआप बंद होण्याची सोय असते आणि चकती थर्मामीटरशी जुळवून घेता येते. हे दोन्ही गुण पैसे देण्यालायक आहेत. पण नावाने भुलू नये. 2011 मध्ये अमेरिकेत मरिनलँडच्या स्टेल्थ मालिकेतले दहा लाखांहून जास्त हीटर परत बोलवावे लागले होते. वायरिंगच्या दोषामुळे ते जास्त तापून फुटू शकत होते.

काच की टायटॅनियम? टायटॅनियम फुटत नाही, खाऱ्या पाण्यात गंजत नाही. मोठ्या टँकला तोच बरा, पण त्याला बहुधा स्वतःचा थर्मोस्टॅट नसतो, म्हणजे कंट्रोलर सक्तीचा. आणि धातू असल्यामुळे आतलं इन्सुलेशन गेलं तर वीज थेट पाण्यात. तीन पिनांचा प्लग आणि खरंखुरं अर्थिंग हवंच. पिनेला वायर आहे पण भिंतीत अर्थिंग नाही, अशी घरं आपल्याकडे कमी नाहीत. इलेक्ट्रिशियनला बोलावून तपासून घ्या. साधं स्टील मात्र खाऱ्या पाण्याला नको. हीटर कुठलाही असो, टँकच्या लाइनवर, गळती होताच वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही.

तर पुण्यातल्या 500 लिटरच्या टँकसाठी माझा कौल असा: 150 वॉटचे दोन हीटर, एक वेगळा कंट्रोलर, एक आरसीसीबी आणि कशालाही न जोडलेला एक साधा थर्मामीटर. हीटर चांगला चालत असला तरी दोन-तीन वर्षांनी बदलावा, आणि तोही दिवाळीच्या आधी. पहिल्या थंडीच्या रात्री नवा हीटर आणायला दुकान उघडं नसतं.