तीन मिनिटांचा भरवसा

२००८ साली आशिया-पॅसिफिकमधल्या विद्यार्थ्यांची रोबोकॉन स्पर्धा पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात भरली, तेव्हा विषय होता दहीहंडीचा. उंचावरच्या हंडीतलं लोणी रोबोंनी काढायचं, तेही तीन मिनिटांत. एवढ्याशा वेळासाठी यंत्र बांधताना मजबुती बघायची की भरवसा?

जालना-भोकरदन रस्त्यावरच्या केदारखेड्यात विहिरीवर मोटर बसवणारा शेतकरी ती किती वर्षं टिकेल हे आधी बघतो. मध्येच ट्रिप झाली, तर स्टार्टरचं बटण पुन्हा दाबता येतं. पाणी तासाभरानं पोचलं म्हणून पीक जळत नाही. रोबोचं गणित उलटं. स्पर्धेचा हंगाम संपला की त्याचे भाग सुटे होऊन पुढच्या रोबोला लागतात. मैदानात मात्र ठरलेलं काम दर वेळी बिनचूक व्हायला हवं. रीट्राय, म्हणजे पुन्हा सुरुवात, मागता येतो, पण घड्याळ थांबत नाही.

नवखी टीम मजबुतीच्या मागे लागते. फ्रेम वाकू नये म्हणून ॲल्युमिनियमऐवजी लोखंडी चौकोनी पाइप घेते. वजन वाढतं. सुटताना मोटर जादा करंट ओढते, बॅटरीचं व्होल्टेज क्षणभर खाली येतं आणि कंट्रोलर रिसेट होतो. फ्रेमला ओरखडाही नाही, पण रोबो जागच्या जागी ठप्प! कंट्रोलरला वेगळी बॅटरी दिली, तर हा घोळ टळतो.

दुसरा शत्रू जोडण्यांची संख्या. समजा, रोबोत ५० जोडण्या आहेत आणि त्यातली एक जरी निसटली तरी सगळं अडतं. प्रत्येक जोडणी ९९ टक्के खात्रीची असली, तरी सगळ्या एकाच वेळी नीट चालण्याची शक्यता उरते जेमतेम ६० टक्के. जोडण्या २५ वर आणल्या, की तीच ७८ टक्क्यांच्या आसपास जाते. काही न बदलता नुसतं कमी केल्याचा हा फायदा.

म्हणून मुरलेल्या टीम लॉक होणारे कनेक्टर आणि सहज सैल न होणारे नायलॉक नट वापरतात, वायरवर ताण येऊ नये म्हणून ती फ्रेमला बांधतात, रेषा ओळखणारे सेन्सर मैदानाच्या दिव्यांखालीच जुळवून घेतात आणि अर्ध्या उतरलेल्या बॅटरीवरही सराव करतात.

अर्थात, एवढा सराव सोसायचा तर थोडा टिकाऊपणा लागतोच. पण झिजलेला गिअर सामन्याआधी पाच मिनिटांत बदलता येत असेल, तर तो वर्षभर टिकेल असा जड करायची गरज काय?