परसबागेतून उभी राहणारी बाई

पेरणी, निंदणी, खुरपणी, काढणी ही शेतातली बहुतेक हातकामे खेड्यातली बाईच करते. तरीही सातबाऱ्यावर तिचे नाव क्वचितच असते आणि शेतकरी म्हटले की डोळ्यांसमोर पुरुषच येतो. भूमिहीन घरातल्या बाईचे तर आयुष्य दुसऱ्याच्या शेतात राबण्यात जाते. अशा बाईने स्वतःचे काही पिकवायचे, तर सुरुवात कुठून करायची? घरामागच्या एखाद्या गुंठ्यातून, म्हणजेच परसबागेतून.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. महादेव कोळी समाजातील राहीबाई कधी शाळेत गेल्या नाहीत. गावरान वाणांची जाण त्यांना घरातूनच मिळाली होती. बायफ संस्थेच्या मार्गदर्शनाने त्या जाणिवेला शास्त्रीय पद्धतीची जोड मिळाली आणि त्यांच्या घरी देशी बियाण्यांची बँक उभी राहिली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. प्रशिक्षणाने त्यांना नवे हात दिले नाहीत. त्यांच्या हातातल्या ज्ञानाला किंमत मिळवून दिली.

परसबागेच्या प्रशिक्षणात शिकवतात त्या गोष्टी साध्याच असतात. मोरीचे सांडपाणी केळी आणि अळूकडे वळवायचे. मेथी-पालक महिनाभरात काढणीला येतात, भेंडी-गवारीला दीड-दोन महिने लागतात. म्हणून वाफे एकाच दिवशी न पेरता टप्प्याटप्प्याने पेरायचे. कुंपणावर दोडका, कारले चढवायचे. कडेला शेवगा, पपई, कढीपत्ता लावायचा. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर मातीपासून जीवामृत करायचे. चांगले फळ बियाण्यासाठी राखायचे आणि बी राखेत घोळून साठवायचे.

एवढ्या जागेत संसार चालत नाही, हे मान्य. पण भाजीचा खर्च वाचतो, पोरांच्या ताटात हिरवे येते आणि उरलेल्या जुड्या आठवडी बाजारात विकता येतात. तो पैसा बाईच्या हाती येतो. काय पेरायचे, किती विकायचे, भाव काय सांगायचा, हे ती स्वतः ठरवते. आत्मविश्वास भाषणातून येत नाही, तो अशा निर्णयांतून येतो. उद्या हीच बाई ग्रामसभेत उठून बोलते.

समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, हे बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले. ते मोजमाप आपल्या वस्तीला लावून पाहू या.

तरुण कार्यकर्त्यांना यात बरेच करता येईल. जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्र आणि ‘उमेद’ अभियानाचे बचत गट यांच्याशी वस्तीतल्या महिलांची गाठ घालून द्या. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देणारी कर्मवीर दादासाहेब गायकवाड योजना आहे. तिचे अर्ज समाजकल्याण कार्यालयात भरून द्या. कौशल्य आले, पण पायाखाली जमीन नसली तर बाई पुन्हा मजुरीलाच जाते. म्हणून परसबाग ही सुरुवात समजावी. मागणी मात्र बाईच्या नावावरच्या सातबाऱ्याचीच असली पाहिजे.