राहत्या घरातले उद्योग आणि मुंबईची नियमावली

१९५९ च्या मार्च महिन्यात गिरगावातल्या एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी पापड लाटायला घेतले. भांडवल होतं उसने आणलेले ८० रुपये. पुढे ‘लिज्जत’ या नावाने घरोघर पोचलेल्या या उद्योगाची घडी अशी बसली, की पीठ केंद्रावर मळायचं, ते घरी न्यायचं, आणि पापड घरीच लाटून, वाळवून परत आणून द्यायचे. म्हणजे कारखान्याचा मोठा भाग चाळीतल्या खोल्यांमध्येच होता. त्या वर्षी मुंबईला मंजूर विकास आराखडा नव्हता, त्यामुळे घर हे राहण्यासाठी की धंद्यासाठी, हा प्रश्न नकाशावर अजून उमटलेला नव्हता.

तो उमटला साठच्या दशकात. १९५४ च्या कायद्याने नगरपालिकांना विकास आराखडा बंधनकारक केला, १९६६ मध्ये महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम आला आणि १९६७ पर्यंत मुंबईचा पहिला आराखडा नियमावलीसह लागू झाला. निवासी, व्यापारी, औद्योगिक असे विभाग पडले. गिरगाव, लालबाग किंवा पुण्याच्या पेठा अशा विभागून कधीच जगल्या नव्हत्या. खाली दुकान, वर बिऱ्हाड आणि मागच्या खोलीत शिवणयंत्र, ही तिथली रीत. १९९१ च्या नियमावलीने या रीतीशी थोडी तडजोड केली. निव्वळ निवासी विभाग वेगळा ठेवला आणि ज्या रस्त्यांवर ‘शॉप लाइन’ आखली, तिथे दुकानांना मुभा दिली.

याच नियमावलीत घरगुती व्यवसायाची एक व्याख्या होती. माझ्या मते मुंबईच्या नगररचनेतलं ते सर्वात बोलकं कलम आहे. व्यवसाय त्या घरात राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसानेच करायचा. पगारी माणूस ठेवायचा नाही. आत काही चालतं हे बाहेरून कळेल अशी पाटी लावायची नाही. विकायचं ते तिथेच तयार झालेलं. यंत्रं घरात एरवी वापरतात तेवढीच. इमारतीच्या आणि शेजाऱ्यांच्या सुरक्षिततेला धोका नको. आणि लोकांना खाऊपिऊ घालणारी जागा तर मुळीच नाही.

यातली शेजाऱ्यांच्या सुरक्षिततेची अट कुणालाही पटेल. पण बाकीच्या अटी शिवणकाम करणाऱ्या एखाद्या बाईच्या जागी बसून वाचाव्यात. दिवाळीच्या तोंडावर काजं-बटणं करायला शेजारची मुलगी पैसे देऊन बसवली, की नियम मोडला. दारावर ‘ब्लाउज शिवून मिळतील’ असा पुठ्ठा टांगला, तरी मोडला. तिच्यामुळे जिन्यात गर्दी होत नाही, धूर होत नाही, कुणाची झोपमोड होत नाही. तरीही ती कायम सोसायटीच्या चिटणीसांच्या मर्जीवर.

खाण्याची जागा वगळण्याचं मला जास्त वाईट वाटतं. गिरण्यांच्या मुंबईत कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार जेवले ते चाळीतल्या खानावळवाल्या बायकांच्या हातचं. त्याच बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि त्यांच्यासाठी बँकेच्या कर्जाची वाट मोकळी केली. बँकेने ज्या उद्योगाला पत दिली, त्याला नियमावलीच्या व्याख्येत मात्र जागा नव्हती.

पांढरपेशांना ती मिळाली होती. राहत्या घरात वकील, डॉक्टर यांसारख्यांना ३० चौरस मीटरपर्यंतचं कार्यालय किंवा बाह्यरुग्ण दवाखाना चालवायला १९९१ च्या नियमावलीने परवानगी दिली. न्यायालयांची भूमिकाही त्यांना अनुकूल राहिली. नागपूर महापालिकेविरुद्धच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९६३ मध्ये वकिलाचं कार्यालय ही दुकाने-आस्थापना कायद्याखालची व्यापारी आस्थापना नाही, असं ठरवलं. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरच्या खासगी दवाखान्याबद्दल तेच म्हटलं. हे निकाल मला योग्य वाटतात. तोच समजूतदारपणा पोळी-भाजीच्या डब्याच्या वाट्याला आला नाही, एवढीच तक्रार आहे.

नियमावली शहाणपणाने बोलली, ती जिन्याबद्दल. रुग्ण दाखल करून घेणारं प्रसूतिगृह किंवा शुश्रूषागृह निवासी इमारतीत हवं असेल, तर ते तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावर असावं आणि त्याची ये-जा वेगळी असावी, ही तिची अट. धंद्याचं नाव बाजूला ठेवून माणसं कुठून येणार आणि संकटात कुठून बाहेर पडणार, हे तिने पाहिलं. व्यापारी मालमत्तेत हीच नजर चुकली तर काय होतं, हे २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल आवारात दिसलं. गच्चीवरच्या खानपानगृहांना लागलेल्या आगीत १४ जण गेले. गच्चीवर उपाहारगृहं चालवू देण्याचं धोरण जेमतेम दोन महिने आधी मंजूर झालं होतं.

गेल्या काही वर्षांत दिशा सुधारली आहे. २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांची नोंदणी काढून साधी सूचना पुरेशी ठरवली. २०१८ मध्ये आलेल्या मुंबईच्या नव्या नियमावलीत निवासी विभागाचे जुने दोन भाग एक झाले आणि कोणता वापर कुठे चालेल हे मुख्यतः रस्त्याच्या रुंदीवर ठरू लागलं. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही क्षेत्रं वगळून उरलेल्या राज्याला एकात्मिक नियमावली मिळाली. महावितरणच्या दरपत्रकात घराच्या एका भागात व्यवसाय करणाऱ्यालाही घरगुती दर मिळतो; वापर महिन्याला ३०० आणि वर्षाला ३६०० युनिटच्या आत हवा. मापता येणारी, स्वच्छ अट. घरात किती माणसं येतात, किती गॅस सिलिंडर साठवले जातात, याच्या अटीही अशाच आकड्यांत लिहिता येतील.

तोवर सोसायट्यांच्या कार्यकारिणीवर बसणाऱ्यांना एक विनंती. तिसऱ्या मजल्यावरच्या डबेवाल्या काकूंना नोटीस धाडण्याआधी तळमजल्यावरच्या दुकानाने मागचा दरवाजा खोक्यांनी बुजवला आहे का, ते एकदा खाली उतरून बघा आणि पहिली नोटीस तिथे द्या.