प्रथम ख्रिस्तशरीर आणि दृढीकरण यांच्या मधली मुले

प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्याच्या सोहळ्यासाठी आपल्या धर्मग्रामांत मोठी तयारी होते. शिक्षिका वर्षभर शिकवतात, पालक शुभ्र पोशाख शिवून घेतात, आप्तेष्ट जमतात. आपल्याकडे अनेक ठिकाणी दृढीकरण संस्कार त्यानंतर काही वर्षांनी, किशोरवयात दिला जातो. या दोन संस्कारांमधल्या काळात मूल पाचवीतून आठवीत जाते. त्याचा आवाज बदलतो, उंची वाढते, मित्रांचे शब्द आईवडिलांच्या शब्दांहून जड वाटू लागतात. नेमक्या याच काळात रविवारच्या मिस्सात त्याची जागा पुढच्या बाकावरून मागच्या बाकावर आणि तेथून चर्चच्या पायरीवर जाते. मोठ्यांच्या युवक संघात त्याला प्रवेश नसतो व लहानांच्या वर्गात बसण्याची त्याला लाज वाटते. अकरा ते चौदा वर्षांच्या या मुलांसाठी स्वतंत्र गट का हवा आणि तो कसा चालवावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करू या.

बारा वर्षांचा येशू

येशूच्या बाल्यानंतरचा आणि जाहीर कार्यापूर्वीचा एकच प्रसंग शुभवर्तमानात आढळतो. संत लूकच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेला दिसतो. तेथे तो दोन गोष्टी करतो : ऐकतो आणि प्रश्न विचारतो. त्या गुरुजनांनी त्याला हाकलून दिले नाही, आपल्यामध्ये बसू दिले, हेही ध्यानी घेण्याजोगे आहे. मरियामाता त्याला जाब विचारते, त्याचे उत्तर तिला तत्काळ उमगत नाही, तरीही ती ते अंतःकरणात जतन करते. या वयाच्या मुलांचे पालक आणि मार्गदर्शक यांच्यासाठी हा प्रसंग म्हणजे एक संपूर्ण पाठच आहे.

आपल्या मुलांचेही प्रश्न असतात. आजीसाठी एवढी प्रार्थना केली तरी ती का गेली? वर्गातले हिंदू, मुसलमान मित्र स्वर्गात जाणार नाहीत का? असे प्रश्न विचारणाऱ्या मुलाला ‘उद्धट’ म्हणून गप्प केले, तर ते विचारणे थांबवते. त्याचा प्रश्न मात्र तसाच राहतो व तो घेऊन ते अन्यत्र जाते. मार्गदर्शकाला प्रत्येक उत्तर ठाऊक असलेच पाहिजे असे नाही. ‘मी फादरांना विचारून पुढच्या रविवारी सांगतो’ असे म्हणणे आणि पुढच्या रविवारी खरोखर सांगणे, याने मुलांचा विश्वास दृढ होतो.

डॉन बॉस्को यांचा अनुभव

संत जॉन बॉस्को यांनी तुरीन शहरात 8 डिसेंबर 1841 रोजी एका अनाथ पोराला जवळ घेऊन आपल्या कार्याचा आरंभ केला. 1846 मध्ये वाल्दोको येथील एका साध्या छपरीत त्यांच्या मुलांना हक्काची जागा मिळाली. तेथे प्रार्थना होती, धर्मशिक्षण होते आणि खेळाचे मैदानही होते. समंजस युक्तिवाद, धर्मश्रद्धा आणि वात्सल्य या तीन आधारांवर त्यांची शिक्षणपद्धती उभी होती. मुलांवर प्रेम करणे पुरेसे नाही, आपल्यावर प्रेम केले जात आहे हे मुलांना जाणवले पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे.

त्यांच्या शाळेतील दोमिनिक साविओ याने 1856 मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, सवंगड्यांसह निष्कलंक मातेच्या नावाने एक मंडळ स्थापन केले. नव्या आलेल्या, एकट्या पडलेल्या मुलांना जवळ करणे हे त्या मुलांनी आपले काम मानले. 1857 मध्ये दोमिनिक निवर्तला आणि 1954 मध्ये ख्रिस्तसभेने त्याला संत घोषित केले. 2006 मध्ये पंधराव्या वर्षी निधन पावलेला कार्लो अक्युतिस 7 सप्टेंबर 2025 रोजी संतपदी पोहोचला. या वयात मूल केवळ घेणारे नसते, देणारेही असते, याची ही साक्ष आहे.

सभा कशी घ्यावी?

आठवड्यातून एकदा, सव्वा तासाची सभा पुरेशी आहे. पहिली पंधरा मिनिटे खेळाला द्यावीत. शाळा आणि शिकवणी यांनी दमलेली मुले आधी मोकळी झाली, की मग ऐकतात. त्यानंतर कार्डिनल कार्डाइन यांनी कामगार युवकांसाठी रूढ केलेली आणि पोप तेविसावे जॉन यांनी 1961 च्या आपल्या परिपत्रकात गौरवलेली ‘पाहा, पारखा, कृती करा’ ही पद्धत वापरावी.

उदाहरण घेऊ. वर्गातील एका मुलीला मैत्रिणींनी व्हॉट्सअॅपच्या गटातून काढून टाकले. प्रथम ‘पाहा’ : काय घडले, कोणाला काय वाटले असेल? मग ‘पारखा’ : जक्कयला झाडावरून खाली बोलावून त्याच्या घरी जेवणाऱ्या येशूचा प्रसंग वाचावा. सर्वांनी टाळलेल्या माणसाशी तो कसा वागला? शेवटी ‘कृती करा’ : या आठवड्यात मधल्या सुट्टीत आपण कोणाशेजारी बसणार? पुढील सभेचा आरंभ याच प्रश्नाच्या उत्तराने व्हावा. प्रार्थना थोडक्यात आणि मुलांच्या शब्दांत असावी. काही क्षण शांत बसणेही त्यांना शिकवावे, ते त्यांना जमते.

कामे खरी असावीत. मिस्सात वाचन करणे, अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची मोठ्यांसमवेत भेट घेणे, नाताळचा गोठा स्वतः रचून उभारणे, अशी जबाबदारी मिळाली की मूल धर्मग्रामाला आपले मानू लागते.

सुरक्षितता हा पाया आहे

गटाबरोबर नेहमी किमान दोन प्रौढ असावेत, शक्यतो एक स्त्री व एक पुरुष. बंद खोलीत कोणत्याही मुलाशी एकट्याने बोलू नये. फोनवरून मुलांशी खासगी संदेशांची देवाणघेवाण करू नये, पालकांना समाविष्ट करावे. सहलीसाठी लेखी संमती घ्यावी.

मुलाने अत्याचाराची गोष्ट सांगितली तर त्याचे शांतपणे ऐकावे, त्याच्यावर शंका घेऊ नये आणि ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये. बालकांच्या लैंगिक शोषणापासून संरक्षणासाठी झालेल्या 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा ठरतो. 1098 हा बालकांसाठीचा मदत क्रमांक सभागृहात ठळकपणे लावावा. धर्मग्रामाची अब्रू मुलाच्या सुरक्षिततेहून मोठी नाही, हे आपण निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. संशय धर्मगुरूवर असो वा शिक्षकावर, हाच नियम लागू आहे.

मार्गदर्शक कोण?

बहुधा हे काम विशीतल्या एखाद्या उत्साही युवतीच्या किंवा युवकाच्या गळ्यात पडते, आणि परीक्षा वा नोकरी आली की गट विस्कळीत होतो. म्हणून धर्मग्राम परिषदेने तीन-चार जणांचा चमू नेमावा, त्यात एखादे अनुभवी दांपत्य असावे, आणि त्यांच्या प्रशिक्षणासाठी अंदाजपत्रकात तरतूद करावी. या मुलांना गाणारा, नाचणारा, विनोदी मार्गदर्शक लागतो असा समज आहे. त्यांना खरी गरज असते ती दर रविवारी येणाऱ्या, नाव लक्षात ठेवणाऱ्या आणि दिलेला शब्द पाळणाऱ्या माणसाची.

जूनमध्ये शाळा उघडतात, तोच गटाच्या आरंभाचाही योग्य मुहूर्त आहे. पालकहो, तोवर एवढे अवश्य करा : पायरीवर उभ्या असलेल्या आपल्या मुलाला पुढच्या रविवारी रागे भरण्याआधी, त्याच्या मनात कोणता प्रश्न आहे ते विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.