सर्व्हरचे साडेपाच तास

पावसाळा लागला, शेतात निंदण सुरू झाले की यवतमाळ जिल्ह्यात सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. घोणस चावली असेल तर रक्त गोठेनासे होते. ते तपासायला महागडे यंत्र लागत नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या परीक्षानळीत थोडे रक्त घेऊन ती २० मिनिटे न हलवता ठेवायची. रक्त गोठले नाही तर प्रतिसर्पविष सुरू करायचे. सहा तासांनी हीच चाचणी पुन्हा करायची, कारण विष निष्प्रभ झाल्यावरही रक्त गोठवणारे घटक नव्याने तयार करायला यकृताला तेवढा वेळ लागतो.

आता समजा, प्रतिसर्पविष रात्री १० वाजता दिले. नोंद संगणकावर झाली आणि संगणकाने वेळ टाकली दुपारी साडेचारची. अर्ध्या तासाने दुसऱ्या डॉक्टरने पडद्यावर ती नोंद पाहिली, तर सहा तास उलटले असा हिशेब निघतो. चाचणी होते, रक्त अर्थातच गोठलेले नसते. रुग्णाला पुन्हा प्रतिसर्पविष चढते, तीव्र ॲलर्जीचा धोका पुन्हा पत्करावा लागतो आणि दुसऱ्या कोणासाठी ठेवलेल्या कुप्या संपतात.

हे साडेपाच तास येतात कुठून? केसपेपरपासून प्रयोगशाळेच्या अहवालापर्यंतच्या नोंदी ज्या मध्यवर्ती संगणकावर साठतात, तो सर्व्हर. बरेच सर्व्हर बसवतानाच जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे ‘यूटीसी’वर, लावलेले असतात. भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. त्यामुळे मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या काळात फक्त तासच नाही, तारीखही चुकते. १ जुलैला रात्री पावणेदोनला जन्मलेले बाळ संगणकाच्या लेखी ३० जूनला रात्री सव्वाआठला जन्मते. ती तारीख जन्मनोंदीत गेली तर दुरुस्तीसाठी खेटे घालायचे आईवडिलांनी.

प्रमाणवेळ ही तशी माणसांनी आपसांत ठरवलेलीच गोष्ट. मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरची वेळ १ जानेवारी १९०६ पासून देशाची झाली. मुंबईने मात्र आपली ३९ मिनिटे मागे असलेली वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. यवतमाळच्या डोक्यावर सूर्य येतो तेव्हाही घड्याळात सरासरी बारा वाजून साधारण १७ मिनिटे झालेली असतात. त्याची तक्रार कोणी करत नाही, कारण सगळ्यांची घड्याळे एकसारखी लावलेली आहेत. रुग्णालयात घात होतो तो भिंतीवरचे घड्याळ एक आणि पडदा दुसरे सांगू लागल्यावर.

लिनक्सवर चालणारा सर्व्हर आत फक्त सेकंद मोजतो, १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासून. त्या आकड्याचे तास-मिनिटांत रूपांतर करताना तो कोणता वेळविभाग लावला आहे ते पाहतो. म्हणून घड्याळ पुढे ढकलणे हा उपाय नव्हेच. तसे केले तर मूळ मोजणीच बिघडते, आणि सर्व्हर इंटरनेटवरून वेळ जुळवून घेणारा असेल तर ती पुन्हा मागे येते. बदलायचा तो वेळविभाग. काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत ‘टाइमडेटसीटीएल’ टाइप केले की सध्याची वेळ आणि विभाग दिसतो. मग प्रशासकाच्या अधिकाराने ‘टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता’ अशी आज्ञा द्यायची. यादीत मुंबई किंवा दिल्ली शोधू नये, भारतासाठी कोलकाताच आहे. आधीपासून चालू असलेले प्रोग्रॅम, विशेषतः डेटाबेस, बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय अनेकदा जुनाच विभाग धरून बसतात.

सर्व्हर यूटीसीवरच ठेवावा आणि पडद्यावर दाखवताना भारतीय वेळ करावी, असे संगणकवाले सांगतात. ते योग्यच आहे. पण सॉफ्टवेअर ते रूपांतर खरोखर करत असेल तरच. सर्व्हरची वेळ जशीच्या तशी छापणाऱ्या सॉफ्टवेअरला विभाग दुरुस्त करण्यावाचून पर्याय नाही. कोणता प्रकार आहे हे आज्ञा देण्यापूर्वी विचारून घ्यावे, नाहीतर साडेपाच तास दोनदा मिळवले जातात.

जुन्या नोंदींचा प्रश्न अधिक नाजूक आहे. नुसते आकडे म्हणून साठवलेल्या वेळा विभाग बदलल्याने सुधारत नाहीत. २०१७ मध्ये या जिल्ह्यात फवारणी करताना कीटकनाशकाची विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. अशा प्रकरणांत रुग्ण कधी आला, ॲट्रोपीन कधी दिले, याची चौकशी पुढे होते. ते इंजेक्शन तर सुरुवातीला दर पाच-दहा मिनिटांनी द्यावे लागते. म्हणून जुन्या वेळा गुपचूप खोडू नयेत. विभाग कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणी बदलला हे रजिस्टरमध्ये सहीनिशी लिहावे आणि त्याआधीच्या नोंदींवर तसा शेरा ठेवावा. प्रयोगशाळेतल्या यंत्रांना बहुधा स्वतःचे घड्याळ असते. सर्व्हर दुरुस्त झाला तरी ते वेगळे तपासावे लागते.